दरडीच्या पायथ्याशी

नदीची दरड पुरात कोसळत नाही, पूर ओसरल्यावर कोसळते. प्रवरेच्या काठी शेती करणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. पाणी चढलेलं असतं तोवर ते दरडीला बाहेरून रेटून धरतं. दोन दिवसांत ते उतरतं आणि तो रेटा जातो, पण माती आतपर्यंत भिजून जड झालेली असते आणि तिच्यातलं पाणी इतक्या लवकर निघून जात नाही. काठापासून हात-दोन हात आत, काठाला समांतर अशी एक बारीक भेग दिसू लागते. मग एखाद्या रात्री, थेंबभर पाऊस नसताना, उसाच्या दोन सऱ्या, त्यांच्याखालची माती, बांधावरची बाभूळ आणि कधी कधी मोटारीची पाइपलाइन असं सगळं एकदम खाली जातं.

म्हणून काठ पाहायला जावं ते आश्विन-कार्तिकात. पात्रातलं पाणी निवळलेलं असतं, नव्यानं तुटलेला कडा अजून ओलसर असतो आणि खाली पडलेल्या मातीच्या ढिगांवर पहिली पानं फुटलेली असतात. संगमनेरच्या खालपासून नेवाशापर्यंत प्रवरेचा काठ मी तुकड्यातुकड्यानं पायी पाहिला तो याच दिवसांत. पाहायची होती ती झाडंझुडपं. या पडत्या काठावर कोण उगवतं, नेमकं कुठे उगवतं, आणि काठ धरून ठेवण्याचं काम खरोखर कोण करतं, एवढंच समजून घ्यायचं होतं.

प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते, रंध्याला कड्यावरून उडी घेते आणि सुमारे दोनशे किलोमीटर वाहून प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. अकोल्याच्या वरती तिला दरडी अशा नाहीत. तिथे खडक आहे. संगमनेरपासून पुढे मात्र दोन्ही बाजूंना गाळाचे उभे कडे सुरू होतात. कुठे पुरुषभर उंचीचे, कुठे तीन-चार मजली. दख्खनच्या पठारावर नद्यांचा गाळ फार जाड नसतो. तापी-पूर्णेचं खोरं सोडलं तर बहुतेक ठिकाणी वीसेक मीटरच्या आतच काळा खडक लागतो. पण एवढ्या गाळातही हजारो वर्षांचा पाऊस साठलेला आहे. विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी १९८७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात वायव्य दख्खनच्या नद्यांची जी हकिकत मांडली, तिचा गाभा असा: हिमयुगाच्या अखेरच्या काळात मोसमी पाऊस दुबळा होता, नद्यांना आपला गाळ पुढे नेता येत नव्हता, त्यामुळे त्यांची पात्रं भरत गेली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पावसानं जोर धरला आणि त्याच नद्या आपणच टाकलेल्या गाळात खोल उतरल्या. आज आपण जी दरड म्हणतो, ती त्या उतरण्याची बाजू. म्हणजे दरडीचं ढासळणं ही कालपरवा सुरू झालेली आपत्ती नाही. ढासळत ढासळतच ती दरड झाली. बिघडला आहे तो वेग, आणि बिघडली आहे ती पडल्यानंतर सावरण्याची तिची ताकद.

सावरण्याची ही ताकद वनस्पतींची असते.

दरडीकडे समोरून, पलीकडच्या तीरावरून पाहिलं तर तिच्यावरची झाडी थरांनुसार बदलत जाताना दिसते. सगळ्यात वर काळी माती, मीटर-दोन मीटर. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात ती फुगून त्या मिटवते. इथे बाभूळ, हिवर, बोर, कडुलिंब. बांधावर हरळी आणि कुंदा. त्याखाली पिवळसर-तपकिरी गाळ, चुनखड्यांच्या गाठींनी भरलेला. हा दरडीचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात उघडा भाग. पाणी इथे थांबत नाही, ऊन दिवसभर थेट लागतं, आणि उभ्या भिंतीवर बी टिकायला जागा नसते. जिथे थोडा उतार मिळतो तिथे तरवड, रुई, कुसळी, एखादं निवडुंग. तरवडाची पिवळी फुलं या कोरड्या भिंतीवर जितकी उठून दिसतात तितकी माळावर दिसत नाहीत.

मग येते ती जागा, जिच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. खालच्या अंगाला गाळ संपतो आणि गोट्यांचा, चुन्यानं चिकटून दगडासारखा झालेला थर सुरू होतो. वरून झिरपत आलेलं पाणी या सांध्यावर अडतं आणि बाहेर येतं. पावसाळा संपून महिना झाला तरी इथे भिंत ओली असते. या ओल्या पट्ट्यावर हंसराजाचं नाजूक नेचं लटकलेलं असतं, त्याखाली शेवाळ आणि लव्हाळ्याचे झुबके, आणि भेगेत मुळी रोवलेला उंबर नाहीतर पिंपळ. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, वर रखरखीत भिंत आणि खाली तापलेली वाळू असताना, मधल्या हातभर रुंदीच्या पट्ट्यात सह्याद्रीच्या ओढ्यातली झाडं राहतात. दूरवर चालत जाताना दरडीतलं पाणी कुठे आहे हे या हिरव्या रेघेवरूनच कळतं.

याच गोट्यांच्या थरानं महाराष्ट्राला त्याच्या फार जुन्या माणसांच्या खुणा दाखवल्या आहेत. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी नेवाशाला प्रवरेच्या दरडींमधून अश्मयुगीन हत्यारं गोळा केली आणि १९५४ पासून तिथल्या लाडमोड टेकाडाचं उत्खनन केलं. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. त्याच्या वयावरून अभ्यासकांत बरीच वर्षं वाद झाला. अनेक जण त्याचा संबंध सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडतात. आणि दायमाबाद हे प्राचीन वसाहतीचं गावही याच प्रवरेच्या काठावर. तिथला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस हे मिळून साठ किलोंहून अधिक वजनाचे धातूचे पुतळे १९७४ साली मिळाले ते उत्खननात नव्हे. गावातला एक भिल्ल शेतकरी झुडपाचं मूळ खणत होता, त्याच्या कुदळीला ते लागले. झाडं आपली मुळं कुठे उतरवतात याकडे पुरातत्त्वज्ञांनी पुन्हा एकदा लक्ष द्यावं असं मला हे वाचून नेहमी वाटत आलं आहे.

पण काठ टिकतो की नाही, हे ठरतं याहूनही खाली. पायथ्याशी.

दरड वरून झिजत नाही, खालून पोखरली जाते. पाण्याची धार वळणावर बाहेरच्या काठाला घासते, पायथ्याची माती नेते, वरचा भाग छज्ज्यासारखा पुढे लोंबतो आणि मग तुटतो. तुटलेली माती पायथ्याशी ढीग होऊन पडते. आता पुढचं सगळं या ढिगावर अवलंबून. पुढच्या पुरानं तो ढीग वाहून नेला तर पायथा पुन्हा उघडा पडतो आणि दरड पुन्हा मागे सरकते. ढिगानं दोन-तीन पावसाळे काढले तर त्याचाच उतार होतो आणि मागची भिंत त्याच्या आधारानं उभी राहते.

पहिल्या वर्षी या ढिगावर येतात ती घाईची झाडं: एरंड, पिवळा धोत्रा, गोखरू, आणि ज्याला आपण बेशरम म्हणतो ते जांभळ्या-गुलाबी फुलांचं अमेरिकन झुडूप. यांना नावं ठेवण्याआधी एवढं पाहावं की उघड्या मातीवर पहिली सावली यांचीच पडते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हरळी पसरते, काश येतं, निर्गुडी येते. निर्गुडीचं खोड मातीत गाडलं गेलं तरी त्याला वरून नवीन मुळं फुटतात. वर आणखी माती पडली की ती मरत नाही, उलट दाट होते. पूर्वी गावोगाव कणग्या आणि पाट्या विणायला निर्गुडीचे फोक लागत. दरवर्षी फोक कापले जात, बुडखा शाबूत राही, झुडूप आणखी फुटे. आता कणग्या गेल्या, आणि काठावरची निर्गुडी ही फक्त अडचण झाली.

आणि पाण्याच्या अगदी कडेला, जिथे वर्षातले दोन-तीन महिने सगळंच बुडालेलं असतं, तिथे वाळुंज, शेरणी आणि वाळा.

शेरणीविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिच्याकडे कुणी पाहत नाही. कमरेएवढं, कधी डोक्याएवढं झुडूप. पानं लांबट आणि अरुंद. फांद्या कितीही वाकवा, मोडत नाहीत. खडकांच्या सांध्यात आणि गोट्यांत तिची मुळं अशी रुतलेली असतात की उपटू म्हणता उपटत नाही. पूर येतो तेव्हा ती पूर्ण पाण्याखाली आडवी होते, आठवडेच्या आठवडे तशी राहते आणि पाणी उतरलं की पुन्हा उभी. तिच्या अंगावर अडकलेल्या काटक्या, चिंध्या आणि प्लास्टिकवरून पुराची दिशा कळते. वाहत्या पाण्यातच राहायला घडलेल्या अशा वनस्पतींवर डच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॅन स्टीनिस यांनी १९८१ साली एक मोठा ग्रंथ लिहिला. शेरणी त्यांच्यातलीच. ती आडवी होते तेव्हा तिच्या फांद्यांच्या गादीवरून पाणी सरकतं, आणि खाली मातीपाशी धार मंद होते. जिथे धार मंद होते तिथे गाळ बसतो. जिथे गाळ बसतो तिथे काशाला जागा मिळते.

वाळुंज हे आपलं विलो. त्याच्या कापसासारख्या केसांच्या बिया थोडे दिवसच जिवंत राहतात आणि त्यांना रुजायला उघडा, ओला गाळ लागतो. म्हणजे नदीनं वेळेवर चढावं, वेळेवर उतरावं आणि उतरताना ताजा गाळ मागे ठेवावा, एवढा तिचा नेम वाळुंजाला हवा असतो.

आता मुळांचा हिशेब. काठावर झाडं लावा म्हणजे काठ वाचेल, हे आपण इतक्या सहज म्हणतो की त्यातली उंची कुणी मोजत नाही. बहुतेक झाडांच्या मुळांचा मुख्य पसारा वरच्या मीटर-दीड मीटरात असतो. दरड आठ-दहा मीटर उंच असेल, तर वर लावलेल्या झाडाची मुळं पायथ्यापर्यंत पोचतच नाहीत. पायथा गेला की तेच झाड वरच्या मातीला स्वतःच्या वजनासह खाली ओढतं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या एका ओढ्याच्या काठावर सायमन आणि कॉलिसन या दोघांनी २००२ साली प्रसिद्ध केलेलं काम याबाबत डोळे उघडणारं आहे. माती बांधून ठेवण्यात त्यांच्या मोजणीत गवत झाडांपेक्षा सरस ठरलं, कारण जाड थोड्या मुळांपेक्षा बारीक पुष्कळ मुळं माती जास्त घट्ट धरतात. झाडांचा मोठा उपयोग निघाला तो वेगळाच: ती मातीतलं पाणी शोषून काठ कोरडा ठेवतात. पण हा कोरडेपणाही पाऊस किती आणि केव्हा पडतो यावर अवलंबून असतो. आपल्या पावसाचे चार महिने ध्यानात घेतले, तर ऐन गरजेच्या वेळी तो कितपत उपयोगी पडेल याची मला शंका आहे.

वाळ्याची गोष्ट या हिशेबात वेगळी आहे. अत्तर आणि उन्हाळ्यातले पडदे यांपलीकडे आपण त्याला ओळखत नाही. पण कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधांवर वाळ्याच्या ओळी लावल्या होत्या, आणि ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेसाठी भारतात काम करणाऱ्या जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी तिथून धडा घेऊन तो जगभर नेला. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन-चार मीटरपर्यंत. थायलंडच्या दिती हेंगचाओवानिच यांनी ती ताणून मोजली, तेव्हा त्यांची सरासरी ताकद ७५ मेगापास्कल भरली, म्हणजे साध्या पोलादाच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतकी. इतर बहुतेक देशांत वाळा मुद्दाम आणून लावावा लागतो. आपल्या नद्यांकाठी तो घरचा आहे.

मग काठाच्या बऱ्याच भागातून पायथ्याची ही झाडं गेली कुठे?

पहिलं उत्तर वाळू. पात्रातली वाळू उपसली की पात्राचा तळ खाली जातो. तळ खाली गेला की दरडीची उंची तेवढीच वाढते, तिच्या माथ्यावर काहीही न घडता. शेरणी आणि वाळुंज जिथे उभे असतात तो गोट्या-वाळूचा पट्टाच ट्रकात भरला जातो. पात्रात उतरायला म्हणून दरडीत जो उतार खणतात, त्यातून पुढच्या पावसाळ्यात ओघळ शिरतो आणि शेतात घुसतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात छोट्या वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक केली. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये निघाली. नदीकाठच्या लोकांशी बोलल्यावर मात्र लक्षात येतं, की रात्रीच्या ट्रकांविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येतो. एका वस्तीवर म्हातारबाबांनी मला पूर्वी जिथे डांगरवाड्या लागत ती जागा दाखवली. भोई कुटुंबं हिवाळ्यात तिथे उतरत, वाळूत खड्डे करून टरबूज-खरबूज लावत. आता तिथे वाळू नाही, खडक आहे, आणि खडकाच्या खळग्यात हिरवं पाणी.

दुसरं उत्तर धरणाच्या पाण्याचं वेळापत्रक. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. पुढे निळवंडे झालं. शेतीसाठी, पिण्यासाठी, जायकवाडीसाठी नदीतून आवर्तन सुटतं आणि काही दिवसांनी बंद होतं. जिल्ह्याचं जगणं या आवर्तनांवर आहे, त्याविषयी वाद नाही. पण दरडीच्या दृष्टीनं प्रत्येक आवर्तन हा एक छोटा पूर असतो आणि त्याचं बंद होणं हे एक ओसरणं. पूर्वी जे वर्षातून एक-दोनदा घडे, ते आता ऐन उन्हाळ्यातही घडतं. दरवाजे एकदम बंद न करता पाणी टप्प्याटप्प्यानं कमी केलं, तर काठातल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळेल. त्याला खर्च नाही, वेळापत्रकात दोन दिवस जास्त लागतील एवढंच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपाशीही तेच दिसतं: फळ्या काढायला उशीर झाला की पहिला पूर बंधाऱ्याला वळसा घालून शेजारची दरड कापतो, आणि बंधारा कोरड्यात उभा राहतो.

प्रवरासंगमापाशी नदी संपते आणि तलाव सुरू होतो. जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा इथवर येतो. तलावाचा काठ वेगळ्या रीतीनं झिजतो. धार नसते, वाऱ्याच्या लाटा असतात, त्या एकाच उंचीवर आपटत राहतात आणि काठात पायरी कोरतात. पाणी वर्षभरात कित्येक मीटर खाली जातं, तशी ही पायरीही खाली सरकते. त्यामुळे कायमचा असा काठ इथे कुणाचाच नाही. वाळुंज टिकत नाही, शेरणी तर नाहीच. बेशरम आणि वेडी बाभूळ मात्र कडेनं दाट. पाणी हटलेल्या जमिनीवर गाळपेर होते. हरभरा, गहू चांगला येतो. पण गाळपेरीची नांगरट अगदी काठाच्या पायरीपर्यंत नेली जाते, आणि तिथेच पुढच्या पाण्याची लाट पहिल्यांदा माती उचलते. चार-पाच हातांची एक पट्टी लव्हाळा-हरळीसाठी सोडली तरी पुरेसं होईल, असं मला तिथे चालताना वाटलं. ती सोडणारे शेतकरी मला भेटलेही, थोडे.

दरड बांधून काढावी, दगडी पिचिंग करावं, घाट करावा, असं सुचवणारे पुष्कळ आहेत. गाव, पूल, देऊळ वाचवायला ते करावंच लागतं. पण सगळ्या काठाला ते लावायचं म्हटलं तर आपण काय गमावू, याचा विचार कराच. कवड्या खंड्या आणि वेडा राघू घर करतात ते उभ्या, उघड्या, मुळं नसलेल्या मातीत. त्यांना नवी तुटलेली दरडच लागते. जुन्या भिंतीवर झाडी वाढली की ते सोडून जातात आणि पुढच्या वळणावर नवी भिंत शोधतात. थोडं पडणं, थोडं सावरणं, हे दोन्ही एकाच काठावर चालू असलं तरच हंसराज, निर्गुडी आणि खंड्या तिघांनाही जागा मिळते.

सातबाऱ्यावर या सगळ्याला एकच शब्द आहे: पोटखराबा. दरड, ओघळी, पायथ्याचा ढीग, शेरणीचा पट्टा, सगळं लागवडीला अयोग्य. २०१८ साली राज्य सरकारनं नियम बदलले आणि शेतकऱ्यानं लागवडीखाली आणलेल्या वर्ग-अ पोटखराब्याची लागवडयोग्य म्हणून नोंद होऊ लागली. शेतकऱ्याच्या बाजूनं हा निर्णय न्याय्य होता. पीककर्ज आणि विमा त्यावर अवलंबून असतो. पण काठालगत त्याचा परिणाम असा, की जेसीबी लावून ओघळी बुजवायच्या, उतार सपाट करायचा आणि ऊस थेट कड्यापर्यंत न्यायचा, यालाच आता जास्त मोल आहे. भरावाची माती सैल असते. उसाचं पाणी तिच्यात मुरतं. आश्विनात ती पुन्हा नदीत असते.

मी ज्या रोपवाटिकेत विचारलं तिथे काठासाठी म्हणून करंज, बांबू, वड आणि पिंपळ मिळत होते. वाळुंज नव्हता, शेरणी कुणाला ठाऊक नव्हती. खरं तर दोन्हींना रोपवाटिकेची फारशी गरजही नाही. पूर उतरल्यावर, गाळ ओला असताना, अंगठ्याएवढ्या जाड आणि हातभर लांब फांद्या वाळुंजाच्या जिवंत झाडावरून तिरप्या कापून घ्याव्यात. त्या दोन-तृतीयांश गाळात खोचाव्यात, डोळे वरच्या बाजूला ठेवून, वितीवितीच्या अंतरानं, दरडीच्या माथ्यावर नव्हे तर पडलेल्या ढिगाच्या पुढच्या कडेला. वाळूत आणि गोट्यांत शेरणीच्या फांद्या तशाच. वाळ्याचे ठोंब जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, उताराला आडवे, एकमेकांना चिकटून. पहिली दोन वर्षं तिथे शेळ्या जाऊ द्यायच्या नाहीत, आणि एरंड-धोत्रा उपटायचा नाही.